पहिल्या गिअरमध्ये अडकलेली गाडी: ब्रिटिश डिझेल डीएमयूच्या मॉडेलचा आवाज कसा जमवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटिश रेल्वेच्या क्लास १०८ या दोन डब्यांच्या डीएमयूचं, म्हणजे डब्याखालीच इंजिनं असलेल्या डिझेल गाडीचं, ओओ मापाचं (साधारण १:७६) मॉडेल तुमच्याकडे आहे, त्यात आवाजाचा डीकोडर, म्हणजे मोटर आणि आवाज चालवणारी छोटी चकती, आधीच बसवलेला आहे. साडेतीन मीटरच्या फळीवर ती चालवताना इंजिन कायम पहिल्या गिअरमध्येच घरघरतं. पुढचे गिअर ऐकायचे म्हणून नॉब फिरवला तर गाडी सुसाट सुटते आणि फळी संपते. आवाज वाढवला की स्पीकर फडफडतो, कमी केला की पातळ वाटतो. मग डीकोडर बदलू का, मोठा स्पीकर घालू का, आणि दुसऱ्या डब्यातही आवाज बसवू का?

डीकोडर बदलू नका. तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: गाडीचा वेग आणि तिचा आवाज यांची गाठ सुटलेली आहे. आवाज कितीही उत्तम ध्वनिमुद्रित केलेला असो, चाकांची हालचाल त्याच्याशी जुळली नाही तर कानाला लगेच खोटेपणा कळतो. ही गाठ बांधायला पैसे लागत नाहीत. स्टॉपवॉच, मीटर टेप आणि एक संध्याकाळ एवढं पुरतं.

पण त्याआधी खरी गाडी कशी चालायची ते समजून घ्या. ते माहीत नसेल तर कुठली सेटिंग कशासाठी बदलायची याचा अंदाजच येत नाही.

क्लास १०८ डर्बीच्या रेल्वे कारखान्यात १९५८ ते १९६१ या काळात बांधली गेली. १९५५च्या आधुनिकीकरण योजनेनंतर ब्रिटिश रेल्वेने शाखामार्गांवरच्या आणि उपनगरी वाफेच्या गाड्या हटवून अशा स्वयंचलित डिझेल गाड्या मोठ्या संख्येने आणल्या, त्यांपैकी ही एक. दोन डब्यांच्या नेहमीच्या संचात एका डब्याच्या पोटाखाली १५० अश्वशक्तीची दोन लेलँड इंजिनं आडवी बसवलेली असतात. दुसऱ्या डब्याला इंजिन नसतं, फक्त टोकाला ड्रायव्हरची केबिन असते. म्हणजे सुमारे ५० टनांच्या गाडीला ३०० अश्वशक्ती. त्या काळच्या ब्रिटिश बसच्या इंजिनांचीच ही भावंडं, आणि ताकद चाकांपर्यंत पोचायची तीही बसच्याच पद्धतीने: इंजिनाला फ्लुइड फ्लायव्हील (तेलातून ताकद पुढे देणारा जोड), मग कार्डन शाफ्ट (फिरता दांडा), मधे फ्रीव्हील (सायकलसारखा एकाच दिशेने ताकद देणारा जोड), मग चार वेगांची एपिसायक्लिक गिअरपेटी. घाट चढणाऱ्या एसटीचा आवाज डोळे मिटून ओळखणाऱ्या कानाला ही गाडी परकी वाटत नाही.

गिअर आपोआप बदलत नव्हते. ड्रायव्हर थ्रॉटल पूर्ण मिटायचा, इंजिनं आयडलवर, म्हणजे बिनभाराच्या मंद फेऱ्यांवर, उतरायची, गिअरचा दांडा पुढच्या खाचेत जायचा, दोनएक सेकंद थांबून थ्रॉटल पुन्हा उघडला जायचा. पहिला गिअर सुमारे ताशी १५ मैलांपर्यंत, दुसरा सुमारे २७ पर्यंत, तिसरा सुमारे ४१ पर्यंत आणि त्यापुढे चौथा, कमाल वेग ताशी ७० मैल. ही आज्ञा गाडीतल्या सगळ्या इंजिनांना आणि गिअरपेट्यांना एकाच वेळी जायची. त्यामुळे चार-सहा डबे जोडलेले असले तरी सगळी गाडी एकदम श्वास टाकायची आणि एकदम पुन्हा जोर धरायची. हे अंतर, हा मधला दोन सेकंदांचा उतार, हाच पहिल्या पिढीतल्या ब्रिटिश डीएमयूचा खरा आवाज. नुसती घरघर ऐकून कुणी तिला ओळखणार नाही.

आणि फ्रीव्हील. बहुतेक मॉडेलवाले याकडे लक्ष देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. थ्रॉटल मिटला की फ्रीव्हीलमुळे चाकं इंजिनाला फिरवत नाहीत. गाडी ताशी पन्नास मैलांनी धावत असते आणि इंजिनं मात्र स्टेशनात उभी असल्यासारखी शांत आयडलवर असतात. शाखामार्गावर स्टेशनं दोन-तीन मैलांवर असताना ड्रायव्हर बराच वेळ गाडी अशीच सोडून द्यायचा. तेव्हा ऐकू यायची ती चाकांची ठकठक, डब्यांची खडखड आणि खाली मंद गुडगुड. मॉडेल चालवताना इंजिन अखंड जोरात ठेवलं, तर तुम्ही खऱ्या प्रवासातला निम्मा भाग गाळून टाकता.

आता तुमच्या गाडीकडे. बहुतेक साउंड प्रोजेक्टमध्ये (डीकोडरमध्ये भरलेल्या आवाजांच्या संचात) गिअर कधी बदलायचा हे स्पीड स्टेपला, म्हणजे नॉबच्या वेगाच्या पायरीला, बांधलेलं असतं. प्रोजेक्ट करणारा गृहीत धरतो की नॉब शेवटपर्यंत फिरवला की मॉडेल ताशी ७० मैलांच्या प्रमाणात धावेल. पण मॉडेलची मोटर पेटीतून निघते तेव्हा तिचा कमाल वेग बऱ्याचदा ताशी १०० मैलांच्या पुढे असतो. समजा तुमची गाडी १२०ने धावते. मग १५ला व्हायचा बदल २६ला होतो, २७चा ४६ला आणि चौथा गिअर पडेपर्यंत गाडी सत्तरला पोचलेली असते. साडेतीन मीटरमध्ये प्रमाणबद्ध २६चा वेग हाच तुम्हाला योग्य वाटतो, आणि तुमचं बरोबर आहे. म्हणून तुमची गाडी पहिल्या गिअरमधून बाहेरच येत नाही.

उपाय म्हणजे कमाल वेग मोजून खाली आणणं. ओओ म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, साधारण १:७६. या मापात ताशी ७० मैलांची गाडी एक मीटर अंतर सुमारे २.४ सेकंदांत कापते. ताशी ४१ मैलांना ४.२ सेकंद, २७ला ६.३ सेकंद आणि १५ला ११.४ सेकंद लागतात. हे चार आकडे कागदावर लिहून फळीच्या कडेला चिकटवा, कायम उपयोगी पडतील.

रुळालगत एक मीटरवर दोन खुणा करा. सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग; ३ वेग किती हळू वाढावा आणि ४ किती हळू उतरावा हे ठरवते. सीव्ही ३ आणि सीव्ही ४च्या जुन्या किमती लिहून ठेवा आणि दोन्ही तात्पुरत्या शून्य करा, म्हणजे गाडी तत्काळ पूर्ण वेग घेईल आणि तत्काळ थांबेल. आता पूर्ण नॉबवर मीटरची वेळ घ्या. ती २.४ सेकंदांपेक्षा कमी असेल तर सीव्ही ५ (कमाल वेगाची सेटिंग) थोडी थोडी खाली आणत पुन्हा मोजा. मोजण्याआधी गाडी थोडी चालवून मोटर गरम होऊ द्या, थंड मोटरची वेळ वेगळी येते. दोन्ही डबे जोडलेलेच ठेवा. आणि शेवटाला उशी लावा, कारण शून्य सीव्ही ४वर हात चुकला तर गाडी फळीखाली जाईल.

एवढं केल्यावर दुसरा गिअर तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. तिसरा आणि चौथा मात्र तुमच्या फळीवर ऐकायचा हट्ट धरू नका. एक मैल म्हणजे या मापात २१ मीटर. तुमची गाडीच जवळपास अर्धा मीटर लांब आहे, म्हणजे धावायला उरतात तीन मीटर, मैलाचा सातवा भाग. एवढ्या अंतरात खरा ड्रायव्हर फार तर दुसऱ्या गिअरपर्यंत गेला असता आणि मग थ्रॉटल मिटून गाडी सोडून दिली असती. शाखामार्गाच्या शेवटच्या स्टेशनावर येणारी-जाणारी गाडी असंच वागते. तेवढंच नीट केलं तर बघणाऱ्याला काही कमी आहे असं वाटत नाही.

मग सीव्ही ३ आणि ४ पुन्हा भरायच्या. इथे एक खड्डा आहे. झिमो कंपनीच्या डीकोडरमध्ये या सीव्हीचा एक अंक म्हणजे सुमारे ०.९ सेकंद, इएसयू कंपनीच्या लोकसाउंडमध्ये पाव सेकंद. म्हणजे शून्यापासून कमाल वेगापर्यंत ५४ सेकंद हवे असतील तर झिमोत ६० लिहायचे आणि लोकसाउंडमध्ये २१६. कुणाचे तरी आकडे डीकोडरची कंपनी न बघता उचलले की गाडी एक तर उडी मारते किंवा हलतच नाही. तुमच्यासाठी या ५४ सेकंदांपासून सुरुवात करा. या हिशेबाने शून्यापासून २७ मैलांपर्यंत पोचायला सुमारे २१ सेकंद आणि दीड मीटरच्या थोडं पुढे एवढी जागा लागते, म्हणजे उरलेल्या अंतरात गाडी सोडून द्यायला आणि थांबवायला वाव राहतो.

सीव्ही ४ही तेवढीच ठेवा, पण ब्रेकचं बटण वापरायची सवय लावा. प्रोजेक्टच्या पत्रकात कुठलं बटण ब्रेकचं ते दिलेलं असतं, तेवढं एकदा बघून घ्या. नॉब शून्यावर आणला की इंजिन आयडलवर उतरतं आणि गाडी आपल्या वजनाने वाहत राहते. फलाट जवळ आला की ब्रेक दाबायचा. बिडाच्या ब्रेकब्लॉकची शेवटची किंकाळी गाडी थांबतानाच आली पाहिजे. आधी आली किंवा थांबल्यावर आली तर सगळी मेहनत वाया जाते. ज्या प्रोजेक्टमध्ये कोस्टिंगचं (गाडी नुसती वाहू देण्याचं) वेगळं बटण किंवा इएसयूचं ड्राइव्ह होल्ड आहे, त्यात धावता वेग न बदलता इंजिनाचा आवाज वर-खाली करता येतो. ते जरूर शिका. गिअर स्वतः बटणाने बदलायची सोय असलेले प्रोजेक्टही मिळतात. मला ते सर्वात आवडतात, कारण त्यात गाडी चालवणारा खरोखर गाडी चालवतो. पण सुरुवातीला आपोआप बदलणारे गिअरच ठेवा. हात आणि कान जुळायला थोडा काळ जावा लागतो.

निघण्याचा क्रमही पाळा. क्लास १०८ला आपोआप मिटणारे दरवाजे नव्हते. प्रवासी हाताने दार लोटून बंद करायचे. म्हणून आधी दारांचे धाडधाड आवाज, मग गार्डची शिट्टी, मग केबिनमध्ये बझरचे दोन ठोके, ड्रायव्हरचे उलट दोन ठोके, मग पहिला गिअर. दरवाजे मिटताना वाजणारी इशाऱ्याची पिपाणी पुढच्या पिढीतल्या गाड्यांची, ती इथे वाजवली तर जाणकाराच्या कानाला टोचते. गाडी सकाळी सुरू करायची असेल तर दोन इंजिनं एकामागून एक सुरू करा, एकदम नाही. चांगल्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या इंजिनासाठी वेगळं बटण असतं. दोन इंजिनं आयडलवर असताना त्यांची लय किंचित वेगळी असते आणि त्यातून एक हेलकावा तयार होतो. तो ऐकण्यासाठी तरी गाडी फलाटावर उगाच थोडी जास्त उभी करावी.

आता स्पीकर. इथे थोडं गणित करायला हवं, कारण बाजारात या विषयावर फार हवेतले दावे चालतात. सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट करतं. ही इंजिनं पूर्ण जोरात मिनिटाला १८०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९० स्फोट, ९० हर्ट्झ. आयडलवर मिनिटाला ५०० फेरे धरले तर २५ हर्ट्झ. मॉडेलमध्ये मावणारा पंधरा मिलिमीटरचा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. म्हणजे इंजिनाचा मूळ सूर तो कधीच वाजवत नाही. तुम्ही ऐकता ते त्या सुराच्या वरचे पडसाद, आणि खालचा सूर तुमचा मेंदू त्यांवरून स्वतः भरून काढतो. म्हणून आवाज वाढवून खर्ज येत नाही. पडदा आपल्या मर्यादेपलीकडे हलायला लागतो आणि फडफडतो. तुम्हाला जे ऐकू येतंय ते हेच.

मुख्य आवाज अर्ध्यावर आणा. लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, झिमोमध्ये सीव्ही २६६. तुम्ही फळीपासून एक मीटरवर उभे असता तेव्हा खऱ्या जगात गाडीपासून ७६ मीटरवर उभे आहात. एवढ्या अंतरावरून डीएमयू कानात बसत नाही, ती हवेत असते. खोलीत दोन माणसं साध्या आवाजात बोलत असतील आणि गाडी त्यांच्या बोलण्याच्या खाली ऐकू येत असेल, तर पातळी बरोबर आहे. हॉर्न आणि शिट्टी वेगवेगळ्या कमी करता येतात. कारखान्यातून त्या नेहमी जास्तच मोठ्या येतात.

मग स्पीकरची पेटी तपासा. पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना मारतात, म्हणून मागची बाजू पूर्ण हवाबंद हवी. पेटीच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी उरलासुरला खर्ज जातो. कडांना काळजीपूर्वक पांढरा गोंद फिरवा, वायर जिथून बाहेर येते ते भोकही बुजवा. त्यानंतरही फडफड राहिली तर स्पीकरला दोष देण्याआधी डब्याची छत बोटाने हलकेच दाबून बघा. खिडक्यांचं प्लास्टिक, सैल वजनाची पट्टी किंवा आतल्या आसनांचा साचा थरथरत असतो. जिथे बोट टेकवल्यावर आवाज थांबतो तिथे चिकट पुट्टीचा कण लावा.

मोठा स्पीकर घालायची जागा या गाडीत एकच चांगली आहे: इंजिनाच्या डब्यातला गार्डचा आणि सामानाचा भाग. तिथे आसनं दाखवायची नसतात, त्यामुळे बाहेरून काही बिघडत नाही. तोंड खाली, रुळाकडे ठेवा, कारण खरी इंजिनंही खालीच आहेत. नवा स्पीकर घेताना त्याचा ओहम डीकोडरच्या पत्रकाशी जुळवा. जुन्या लोकसाउंड ३.५ला १०० ओहमचा स्पीकर लागायचा. त्याला आजचा ४ किंवा ८ ओहमचा लावला तर डीकोडर जळतो. जुनं मॉडेल विकत घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आवाज मधेच तुटून इंजिन पुन्हा सुरू होत असेल तर तो स्पीकरचा नाही, रुळांचा आणि चाकांचा प्रश्न असतो. पुण्यात पावसाळ्यात रुळांवर काळपट थर लवकर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसा, चाकांना वीज घेणाऱ्या पट्ट्या खरंच टेकतात का ते बघा, आणि जागा असेल तर डीकोडरला ऊर्जा साठवणारा कपॅसिटर जोडा. कपॅसिटर कुठल्या टोकांना लावायचा हे डीकोडरप्रमाणे बदलतं, तेव्हा पत्रक हातात घेऊनच झाळा.

साध्या डीसी कंट्रोलरवर गाडी चालवायचा मोह आवरा. त्यावर डीकोडर जागा व्हायलाच काही व्होल्ट खर्च होतात, मग वेगासाठी नॉबचा थोडाच भाग उरतो आणि बटणं तर नसतातच. अशा अवस्थेत वर सांगितलेलं काहीच जमणार नाही.

तुम्ही पुढे क्लास १५० किंवा १५८ घ्यायचा विचार लिहिला आहे, तर एवढं लक्षात ठेवा की या सेटिंग तिथे चालणार नाहीत. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून १९९०च्या सुरुवातीपर्यंत बांधलेल्या त्या गाड्यांना कमिन्सची इंजिनं (१५८मध्ये काहींना पर्किन्स) आणि फोइथचं हायड्रॉलिक ट्रान्समिशन आहे. तिथे गिअरचा श्वास नाही. इंजिन एकदम फेरे घेतं आणि गाडी मागून वेग पकडत जाते. दौंडच्या डेमूचा आवाज तुमच्या कानात असेल तर तोही वेगळ्या जातीचा, डिझेल-इलेक्ट्रिक. इंग्लंडमध्ये त्या जातीचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दक्षिणेकडच्या हेस्टिंग्ज आणि हॅम्पशायरच्या गाड्या. इंग्लिश इलेक्ट्रिकच्या चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाच्या ठोक्यांमुळे लोक त्यांना 'थंपर' म्हणतात. प्रत्येकीला स्वतंत्र कान द्यावा लागतो. इंग्लंडला येणं झालं तर डर्बीशायरमध्ये वर्क्सवर्थची इक्लेसबर्न व्हॅली रेल्वे किंवा वेल्समधली लँगॉलेन रेल्वे गाठा. दोन्हीकडे पहिल्या पिढीतल्या डीएमयू जपलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेजवळची जागा पकडा. तिथून त्याचा हात दिसतो आणि त्याच क्षणी पायाखाली इंजिन उतरलेलं कळतं. कुठल्याही पत्रकापेक्षा ते जास्त शिकवतं.

राहिला दुसऱ्या डब्याचा प्रश्न. तुमचा संच इंजिनाचा एक डबा आणि बिनइंजिनाचा एक असा आहे, तेव्हा दुसऱ्या डब्यातून इंजिनाचा आवाज काढणं चूक ठरेल. तिथे फार तर हॉर्न हवा, कारण तो डबा पुढे असताना हॉर्न त्याच्या टोकाला वाजतो. पण तेवढ्यासाठी दुसरा डीकोडर घ्यावा असं मला वाटत नाही. पुढे कधी दोन्ही डबे इंजिनांचे असलेला संच घेतलात तर मात्र दुसरा डीकोडर घ्या. दोघांना तोच पत्ता (डीकोडरचा ओळख क्रमांक), तोच प्रोजेक्ट, त्याच सीव्ही ३, ४ आणि ५ द्या, म्हणजे गिअरचा उतार दोन्हीकडे एकाच वेळी येईल. आयडलवरची त्यांची लय थोडी मागेपुढे झाली तर ती जुळवायच्या नादी लागू नका. खऱ्या चार इंजिनांचीही ती कधी जुळत नाही.